अनुवाद : खैरनार, टूलरूम

पुण्याहून एस.टी.च्या टपावरून आले पाच डबे,
द्वारकेला उतरवताना चौथ्याला पोचा पडला.
जर्मन सिनेमा, सन एकतीस, गाण्यानाचासकट,
आणि खाली एक अक्षर नाही. इंग्रजीसुद्धा नाही.
वर्गणी तर घेऊन झालेली.

मग कुणीतरी सायकल पिटाळली सातपूरला
आणि दुसऱ्या पाळीतून कॅरिअरवर बसवून आणले खैरनार,
कारखान्याने एकदा आठ महिने श्टुटगार्टला धाडलेले.
अंगात निळा डगला, नखांत ग्रीस.
"मला यंत्रांचं जर्मन येतं," म्हणाले, "माणसांचं नाही."
आम्ही माईक हातात दिला.

पडद्यावर एक सरदारपुत्र, वेटर झालेला,
टोप्या विकणाऱ्या मुलीवर सूप सांडतो,
आणि भांडता भांडता दोघं गाऊ लागतात.
याचं आम्हाला काय नवल!
मेलेल्या नायकाला उठवून
पुन्हा पद म्हणायला लावणारी माणसं आम्ही.

खैरनार सांगत होते :
"तो म्हणतो, आपलं माप जुळतं.
ती म्हणते, आधी तपासून घे.
तो म्हणतो, फट नको. एका मायक्रॉनचीही."
हॉल हसून कोसळला. मागून "वन्स मोअर!"
आणि ऑपरेटर इस्माईलने खरंच रीळ उलटं फिरवलं :
सूप वाडग्यात परत गेलं, भांडण तोंडात.

चौथा डबा. चित्र जरा थरथरलं.
जिना पुसणारी एक बाई गाऊ लागली.
खैरनार गप्प.
"काय म्हणते हो?"
माईकमधून नुसता श्वास.
मग :
"घरमालकीण माझी. फ्राउ क्नोल.
बटाटे सोलताना हेच गुणगुणायची. इथवर.
इथे आलं की सुरी ठेवायची, नळ सोडायची.
आठ महिने.
मला वाटायचं, गाणं एवढंच आहे."

पडद्यावरची बाई मात्र गात राहिली,
बादली हलवत, पायरीवरून पायरीवर,
जणू एकतीसनंतर बत्तीस, तेहतीस
हे नुसते आकडेच.

पुढचं त्यांनी काही सांगितलं नाही.
शेवटी लग्न झालं, ते आमचं आम्हाला कळलं.

बाहेर डिसेंबर, चहा, कानाला मफलर.
मी विचारलंच : ती जिथे थांबायची, त्यापुढे काय होतं?
"काही नाही हो.
'उद्या सकाळी ये', एवढंच."

कॅरिअरवर उलटे तोंड करून बसले.
सायकल दिसेनाशी झाली तरी
चाल ऐकू येत होती,
मधे न थांबणारी, जरा बेसूर.