समासात

पुंता अरेनासचा वारा दार उघडू देत नाही.
रोसारियो खांदा लावून आत येते,
दर मंगळवारी, केस विस्कटलेले.

नाउएल वर बघत नाही.
बरण्यांची झाकणं मांडतोय :
निळं, निळं, मग पिवळं.
ती त्याच्याशेजारी पालथी पडते,
एक झाकण पुढे सरकवते
आणि थांबते. बराच वेळ.

मग फॉर्म. शब्द किती, नजर किती वेळा,
रात्री झोप किती तास.
मी घडाघडा सांगते, पाठ झालंय.

"आणि तू, ग्रिसेल्दा? तू किती?"

त्याला रकानाच नाही.
बोटं मोजायला घेतली,
तिसऱ्यावरच अडले.
तिनं समासात लिहिलं : आई, तीन.
चहाला उठत होते, तर म्हणाली, बस गं.

नाउएलनं तिचं झाकण
ओळीतून काढून भिरकावलं.
कपाटाखाली गेलं.
आम्ही दोघी हसलो, जरा जास्तच.