कुमासी, शुक्रवार रात्र

अफ्रियी, आधी बॅटऱ्या मोज.
सहा आहेत. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर आकडा.
चार नंबर लबाड आहे,
भरलेली दाखवते
आणि ऐन शवपेटी उचलताना मान टाकते.
तिला घरीच ठेव.

रिकामी कार्डं डाव्या खिशात, भरलेली उजव्या,
उजव्या खिशाला चेन, चेनला सेफ्टी पिन.
हसू नकोस. पिन का आहे
ते बांतामाच्या एका नवरीला विचार.

हरमट्टान सुटलाय.
वाळवंटाची धूळ आपल्या गल्लीपर्यंत चालत येते,
लांबच्या पाहुण्यांसारखी, न कळवता, मुक्कामाला.
तेव्हा उघड्यावर लेन्स बदलायची नाही.
दोन खांदे आहेत, दोन कॅमेरे घे,
एकावर पस्तीस, एकावर पंच्याऐंशी.
बदलावीच लागली तर गाडीत, काचा वर करून,
कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे.
आणि तोंडाने फुंकर? पुन्हा दिसली तर हातावर मारीन.

उद्या सगळे काळ्यात येतील, जवळचे लाल्यात.
मीटर काळं कापड बघून बिचकतो,
उजेड ओतत सुटतो, चेहरे राखेसारखे होतात.
त्याचं ऐकू नकोस. कपाळावर मोज.
काळ्या कापडात काळा माणूस हरवत नाही गं,
हरवतो तो फोटो काढणाऱ्याच्या आळसात.
लाल जपून. लाल एकदा फुटला
की कापडाच्या चुण्या परत येत नाहीत.
रविवारी चर्चमध्ये हीच माणसं पांढऱ्यात,
तेव्हा सगळं उलट.

प्रिंटर सावलीत. जनरेटरपासून लांब,
स्पीकरपासून त्याहून लांब.
दोनच्या आत प्रिंट हातात पडले पाहिजेत,
जेवणानंतर कुणी पाकीट काढत नाही.
वीस सेडी सांग, पंधराला दे.
विधवेकडून घ्यायचे नाहीत.
तिने आग्रह केला तरी.

घरी आल्यावर आंघोळीआधी कॉपी.
एक डिस्क कपाटात, एक सुआमेला बहिणीकडे.
माणूस जायच्या आधी निदान खोकतो.
डिस्क खोकत नाही.
फोल्डरला वर्ष, महिना, दिवस, घराण्याचं नाव.
'फायनल' नको, 'फायनल नवीन' तर नकोच.

आणि मांडवात उभं राहून काही पुसायचं नाही.
हे मी शेवटी सांगतेय, खरं तर आधी सांगायला हवं होतं.

एजिसूचा एक माणूस आला होता, मागच्या पावसात.
त्याची आई अशाच एका मयताला पाणी वाटत होती,
आठ वर्षांपूर्वी, पाण्याच्या पिशव्यांचं तसराळं घेऊन.
तिचा कुठेच फोटो नव्हता. माझ्याकडे असेल म्हणाला.
असणारच होता. ती सारखी मध्ये येत होती,
मला आठवतंय, मी वैतागले होते,
आणि जेवणाच्या रांगेत उभी राहून, वेळ घालवायला,
मध्ये आलेल्या सगळ्या चौकटी
अंगठ्याने पुसल्या होत्या.

चार तास शोधलं आम्ही.
एका प्रमुखाच्या खुर्चीमागे एक कोपर सापडलं,
कोपराखाली मनगट, तसराळ्याची कड, निळी बांगडी.
तो म्हणाला, हीच.
मोठं करून द्या म्हणाला, बारा बाय सोळा.
मी दिलं. त्याने पूर्ण पैसे मोजले.
मी घेतले.

घ्यायला नको होते का?
मला अजून ठरवता आलेलं नाही.
लाइटबिल होतं त्या आठवड्यात.

बरं, चार्जरचा दिवा बघ, हिरवा झाला का?
तीन नंबर काढ, पाच लाव.
तुझे ते नवे बूट उद्या नकोत,
दहा तास उभं राहायचंय.
सकाळी पाचला निघू.