कच्चा रंग

खडेबाजारातला पोरगा म्हणाला होता,
"एका धुण्यात जातो काका, गॅरंटी."
डब्यावर तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

गॅदरिंगात रुचिता मोर झाली.
नाच संपला, पिसारा भाड्याचा होता, परत गेला,
निळा तेवढा केसांत राहिला.
उद्या सकाळी सहाला एनसीसीची परेड,
आणि हिची आई नंदगडला, बहिणीच्या बाळंतपणाला.
मग मोर मोरीत, पाटावर, मान खाली घालून,
आणि तांब्या माझ्या हातात.

पहिलं पाणी शाईच्या दौतीसारखं गेलं.
दुसरं, तिसरं फिकट.
टोकं मात्र हटून बसली.

भिंतीपलीकडं शिवक्काचा कान होताच.
"एण्णी हच्चरी भाऊ, तासभर बिडरी."
खोबरेल चोळलं, बटेबटेनं.
कोरडं सूत रंग जास्त पितं,
आणि उन्हात करपलेली केसांची टोकं
म्हणजे कोरडं सूतच की.
हे मला आधी सुचायला हवं होतं,
अठ्ठावीस वर्षं वडगावात माग चालवणाऱ्याला.

लाल काठ पांढऱ्या अंगावर फुटला
तर साडी परत यायची, मजुरी कापून.
म्हणून मीठ, उकळी, परत उकळी.
व्यापारी ओला रुमाल काठावर घासायचा
आणि मी त्या रुमालाकडं बघत
श्वास धरून उभा.

आज मीच रुमाल घासतोय.
निळा आला की बरं वाटतंय.

"बाबा, डोळ्यात गेलं."
"मिट की मग."
"मिटलेलेच हाएत."
कोंड्याचा शाम्पू झाला. खायच्या सोड्याचा डबा उघडला,
तर झाकणाच्या आवाजावरनंच ओळखून
शिवक्का ओरडली, "सोडा ब्याड!
केस हाय ते, वाकळ नव्हं!"
रुचिता हसली, नाकात पाणी गेलं,
मग ठसका, मग मीही हसलो.

साडेदहा वाजले. रुमाल जवळजवळ पांढरा.
डाव्या कानामागं एक बट राहिली,
काडीएवढी, बल्बखाली अजून निळी.
टोपीखाली जाईल.
"झालं," म्हणालो.

"हात बघा तुमचे," ती म्हणाली.
रेषारेषांत उतरला होता,
नखांच्या कडांना, करंगळीपर्यंत.
लिंबानं घासले, मग राखेनं.
उद्या पांढरा ताणा चढवायचाय.