रिकामी जागा जोडू का?

रात्री कधीतरी आपोआप उतरली नवी आवृत्ती.
सकाळी वडकीच्या जिनिंगात, काट्याशेजारच्या खोलीत,
मी कीबोर्डवरची रुई फुंकली, पासवर्ड टाकला,
तर पडद्यावर आधी अभिनंदन, मग कागदी फुलं.
नवीन काय आहे ते पाहा.
पाहिलं.

रंग आता स्वतःच ठरतात.
ओलावा बाराच्या वर गेला की चौकोन तांबडा,
आठाच्या खाली उतरला की फिकट, कवडीसारखा.
खैरीवर बोट ठेवलं की खैरी उघडते,
खैरीतून गाड्या, गाडीतून पावती,
पावतीतून रूपरावनं डाव्या हातानं लिहिलेलं वजन.
ते मात्र उघडत नाही. नुसता फोटो आहे त्याचा.

पुढचे तीन आठवडे ठिपक्यांच्या रेषेत दिसतात.
रूपराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाला,
"हे काय बाप्पा, पंचांग हाय का?"
अंदाज आहे, म्हटलं.
"मंग मले काहून इचारत नाई? मी बी अंदाजच सांगतो."

मग गाठींचा आलेख उघडला.
नोव्हेंबर चढता, डिसेंबर चढता,
जानेवारीवर थांबले.
तिथं माझ्याकडे एक भोक होतं.
नऊ ते चौदा. सहा दिवस.
जुन्या आवृत्तीत रेष तिथं तुटायची
आणि पलीकडे, जरा खालून, पुन्हा सुरू व्हायची.
आता तिथं एक सुरेख उतार होता,
सारवून घेतल्यासारखा.
खाली बारीक अक्षरांत: रिकाम्या जागा भरल्या आहेत.

भरल्या?

आठ तारखेच्या संध्याकाळी
पंचफुला कुमरेचा पदर पट्ट्यात गेला.
हात वाचला. दोन बोटं नाही.
दुसऱ्या दिवशी कवडी वेचणाऱ्या चौतीस बाया
फाटकाशी बसल्या ते बसल्याच.
घोषणा नव्हत्या. भाकरी होत्या, मिरचीचा ठेचा,
बाभळीला झोळी, झोळीत कुणाचं तरी पोर.
मागणी एवढीच, पट्ट्याला जाळी.
चौतिसात माझी मावशी.
मी आत, पंख्याखाली,
शून्य गाठी टाकू का म्हणून
कोचरशेठना नागपूरला फोन लावत होते.
"कुछ मत डालो."
म्हणून मी काही टाकलं नाही.

सेटिंग तीन पडदे आत सापडलं.
जोडा.
शून्य दाखवा.
कोरं ठेवा.

जोडलं तर चरखे चालू होते.
शून्य दाखवलं तर बाया आल्या आणि त्यांनी काम केलं नाही.
माऊस हातात धरून मी बसून राहिले,
बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता.

आपल्या भाषेत प्रश्न विचारा, अशीही एक चौकट दिलीय यंदा.
विचारलं: नऊ ते चौदा जानेवारी काय झालं?
चाक फिरलं थोडा वेळ. मग उत्तर आलं,
या कालावधीची माहिती उपलब्ध नाही.
मला हसू आलं. निदान खोटं तरी बोललं नाही बिचारं.

कोरं ठेवा.
रेष तुटली. बरं वाटलं.

बिंदूवर टीप टोचता येते आता, ऐंशी अक्षरांची.
पण कोऱ्या जागेत बिंदूच नाही, टोचू कशाला?
आठ तारखेच्या शेवटच्या गाठीला टोचली:
"उद्यापासून जाळी बसेपर्यंत बंद. पंचफुला कुमरे, उजवा हात."
थोडी अक्षरं उरली.
मावशीचं नाव लिहिलं,
मग पुसलं.

शेठ आलेख फोनवर पाहतात, जेवताना, डाव्या हाताच्या बोटानं.
नेमकं तिथं बोट टेकलं तर टीप उघडेल.
एरवी तो एक ठिपका, इतर ठिपक्यांसारखा.

प्रकाशित करा दाबलं आणि लाइट गेली.
जाळीमागचा पट्टा सावकाश थांबला,
बायांचं बोलणं एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागलं.
"तुहीबी गेली का वं?" रूपराव काट्यावरून ओरडला.
यूपीएस दोन मिनिटं धरतो.
पडद्यावर चाक अजून फिरत होतं.