दुपदरी

धोटा सुटला तेव्हा मी किनार बघत होतो.
आवाज आला नाही. आला असेलही,
बावीस मागांच्या खडखडाटात एका गालाचा काय पाड.

मग महिनाभर सगळं दोन दोन:
दोन अशोक चौक, दोन रिक्षा, दोन नरसव्वा,
दोघींच्याही मांडीवर विड्यांचं सूप.
उजवा डोळा खाली उतरलेला,
पट्टी तुटलेल्या खाटेवरच्या माणसासारखा.

सिव्हिलच्या तिसऱ्या मजल्यावर हत्तुरे मॅडमनी
केसपेपरच्या पाठीवर कवटी काढली. चित्र काही जमलं नाही.
म्हणाल्या, डोळ्याखालची जमीन नव्यानं घालावी लागेल.
हाड तुमचंच. कानाच्या वरून, मागून, केसांतून घेऊ.
कमरेचं लवकर विरतं. डोक्याचं टिकतं,
आणि त्याला बाक असतो, हवा तसा.

डोक्यातून काढलं तर डोक्यात काय राहील?
त्या म्हणाल्या, कवटीला दोन पदर असतात.
मधे मऊ. वरचा उचलायचा, आतला ठेवायचा.

हे मला कुणी सांगायला हवं?
तेवीस वर्षं दुपदरी चादर विणली,
वर मोर, खाली त्याच मोराची उलटी सावली,
मधे नखाएवढी हवा.
आणि रफूवाला सायबण्णा काय करायचा?
भोक पडलं की बाजारचा दोरा घ्यायचा नाही.
त्याच कापडाच्या मुडपलेल्या काठातून उपसायचा, एक एक,
जिथं कुणाची नजर जात नाही.
सही केली मी.

शुद्धीवर आलो तर डोकं ठणकत होतं,
गाल गप्प.
मोडलं एकीकडं, दुखणं दुसरीकडं. हा कसला हिशोब.

सहा आठवड्यांनी चौक एक झाला.
दुसरी नरसव्वा कुठं गेली कोण जाणे,
ती जरा कमी बोलायची.
धोट्याचं टोक घासून मुकादमानं तो परत लावला म्हणे.

परवा हिनं डोक्याला तेल लावलं,
तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या बोटांनी.
एक बोट अडलं. केसांखाली खळगा, खारकेएवढा.
नोप्पि उंदा? म्हणाली.
नाही म्हटलं.
तरी बोट काढलं नाही तिनं.
शेजारच्या शेडमधे माग सुरू झाले.
मी समोरचं कॅलेंडर बघत बसलो, एकच कॅलेंडर,
आणि तिच्या बोटाखाली जे नव्हतं
ते माझ्या डोळ्याखाली होतं.