आस

टायर आधी आणले मी, हौसेनं.
तेहतीस इंची, बोटभर खोल नक्षीचे,
मालेगावहून ट्रकच्या टपावर बांधून.
जीप चौऱ्याऐंशी सालची, वनखात्याच्या लिलावातली,
दारावरचा खरवडलेला आकडा तिरप्या उन्हात अजून वाचता येतो.
ती उंच उभी राहिली तेव्हा शिरपूरच्या आग्रा रोडवर
केळीचे ट्रकवालेसुद्धा माना वळवून गेले.

यासीन पिंजारी तेवढा हसला नाही.
बॉनेट उघडलं नाही. गोणपाट टाकून
खाली सरपटत गेला, आणि तिथूनच:
"पायतन मोठं लिधं ताई. घोटा तोच शे."

मी ऐकलं नाही.
बोराडीच्या वर चारोळीचा हंगाम होता,
पाड्यावर पोती भरून ठेवलेली,
आणि पुढचा गियर तर कधीचाच रुसलेला.
नाल्यात मागचं डावं चाक दोन दगडांत बसलं.
मी लो गियर टाकला, दाबलं.
वाळल्या बाभळीची फांदी मोडावी
एवढाच आवाज.
इंजिन चालू. गाडी नाही.

रेमल्या पावराच्या मोटरसायकलवर परत आले,
मांडीवर फडक्यात गुंडाळलेला तुकडा,
साडीला ग्रीस, तोंडात धूळ.
यासीननं तो उन्हात धरला.
दात पिळवटलेले, ओलं धोतर पिळावं तसे.
मोडल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत,
अर्धा तांबूस, गंजलेला.
"हाऊ आज नई मोडना.
निम्मा ते पहिलेच मोडेल व्हता."

शाळेत नेरकर बाईंनी लिंग ओळखायला दिलं होतं: आस.
मी लिहिलं, स्त्रीलिंगी.
बाईंनी फळ्यावर बैलगाडी काढली, दोन चाकं,
मधे एक आडवी रेघ,
म्हणाल्या, हाही आस. तो आस.
आणि अर्धा गुण कापला.
त्या अर्ध्या गुणाचा मला अजून राग आहे.

मग आम्ही दोघं मालेगावच्या भंगारात.
ऊन पंचेचाळीस. लोखंडाला हात लावायची सोय नाही.
यासीन एकेक आस तारेला टांगून
पान्यानं हलकं ठोकायचा, आणि कान द्यायचा.
भद्द बोलला की बाजूला.
आजा कापूस पिंजायचा त्याचा, तातीचा सूर ऐकून.
"मना धंदा बदलना. कान तोच शे."
सातवा बोलला. मंदिरातली घंटा नाही,
पण लांब, स्वच्छ, संपायला नाखूष.

तो चार इंच रुंद निघाला.
पाट्यांच्या बैठका कापल्या, सरकवल्या, पुन्हा जोडल्या.
आठावर एकोणचाळीस दातांच्या जागी
आठावर त्रेचाळीस,
आणि पुढचाही त्याच हिशेबाचा,
नाहीतर दोन धुरे आपसात भांडून मरतील.
अकरा दिवस. वेल्डिंगचा निळा उजेड
समोरच्या रसवंतीच्या पत्र्यावर नाचायचा.
कळण्याची भाकरी मी घरून न्यायचे,
तो हात न धुताच खायचा.
पैशांचं बोलणं मधे दोनदा तुटलं.

बाराव्या दिवशी नाला.
त्याच दोन दगडांवर रबराचा काळा ओरखडा अजून होता.
चाक चढलं, थांबलं, विचार केला,
उतरलं पलीकडे.
एवढंच. रेमल्यानं टाळीसुद्धा वाजवली नाही,
तो पोती मोजत होता.
आणि गंमत म्हणजे मीटर, जे टायर बदलल्यापासून
चाळीसला पस्तीस सांगायचं,
ते दातांनी सांभाळून घेतलं,
पुन्हा जवळजवळ खरं बोलू लागलं.

परतताना भरल्या गाडीत मी विचारलं,
आता मोडणार नाही ना?
"मोडी ना. लोखंड शे ते."
मग आता कच्चं काय राहिलं?

यासीननं खिडकीबाहेर पाहिलं,
खाली बोराडीचा उतार, मागे अकरा पोती,
जरा वेळ घेऊन म्हणाला,
"आते? ब्रेक."