पाय, बाय, माय

नाव श्रीवाणी.
बारशाला कुणाला माहीत नव्हतं,
आणि कळलं तोवर ते रेशनकार्डावर चढलं होतं.

घरात तेलुगू, शाळेत मराठी,
दोन्ही मी ओठांवरून उचलल्या,
आणि ऐकणाऱ्यांना कधीच कळत नाही
अशी एक गोष्ट मला कळली:
पाय, बाय, माय
ओठांवर तिन्ही एकच.
माणूस आधी काय म्हणाला, बघतोय कुठे,
यावरून ठरवायचं
पाय की माय.

अशोक चौकामागे आठ मागांचं शेड.
नान्ना तिथे तीस वर्षं.
त्या खडखडाटात सगळेच हातांनी बोलतात.
पालथी मूठ म्हणजे कांडी संपली,
मिशीवर बोट म्हणजे मालक आला,
करंगळी म्हणजे, अर्थात, करंगळी.
डबा घेऊन जायचे तेव्हा वाटायचं
सगळं सोलापूर असंच बोलतं,
फक्त शाळेतली मुलं माझी गंमत करतात.

आता नान्नांनाही टीव्ही ऐकू येत नाही.
आम्ही दोघं बातम्या नुसत्या बघतो.

उंची पाच फूट नऊ.
आमच्या चाळीतल्या चौकटी त्याहून ठेंगण्या.
वाकून आत शिरायची पाठीची सवय
मोडायला दोन वर्षं गेली,
गच्चीवर, रंगवलेल्या सुताच्या ओल्या लडींमधून
जा, वळ, थांब, ये.
खांद्याला लाल लागला तर चाल चुकली.

पुण्याहून एजन्सीवाला आला होता.
फॉर्म भरला, उंची, कंबर, चपलेचा नंबर,
मग वहीत लिहून दाखवलं: ऐकू येत नाही.
तो हसला. चांगलाच हसला.
अंगठा कानाला, करंगळी ओठाला:
फोन करतो.
आयुष्यात एकच वाक्य तो खुणेत बोलला असेल,
आणि ते हे.

मग टॉवेलच्या खोक्यावरचा फोटो.
अक्कलकोट रोडला, गोदामात,
मुश्ताकभाई, एरवी लग्नांचे फोटो काढणारे.
दिव्यामागून ते एक-दोन-तीन म्हणत असणार.
मला नुसता दिवा दिसत होता.
सत्तर फोटोंत डोळे मिटलेले.
शेवटी ते दिव्यापुढे आले,
घाम पुसला, काहीतरी म्हणाले.
पाय पुढे, असं म्हणाले होते, नंतर कळलं.
मी वाचलं माय.

दाराकडे बघितलं.
अम्मा सूप मांडीवर घेऊन बसली होती,
पानं, तंबाखू, दोरा,
हजार विड्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या.
तिचे हात थांबले होते.
तिचे हात थांबलेले
मी याआधी कधी पाहिले नव्हते.

तोच फोटो निवडला गेला.

खोकं घरी आलं.
चेहरा माझा, टॉवेल गुलाबी, नजर दाराकडे,
आणि कान कोरा.
कानामागचं मशीन कुणीतरी कॉम्प्युटरवर
डाग काढावा तसं काढलं होतं.
अम्माला दिसलंच नाही, ती डोळे बघत होती.
नान्नांनी खोकं उजेडाला धरलं,
बराच वेळ,
तागा तपासतात तसं.
मग खिशातली निळी पेन्सिल काढली,
कापडात दोष सापडला की ते जी काढतात,
आणि कानाभोवती एक गोल केला.

बाकीची खोकी तोवर कुठल्या कुठे गेली होती.
गोलवालं एक आमच्या कपाटावर आहे,
त्यात आता बिलं ठेवतो.

परवा मुश्ताकभाईंचा मेसेज:
रविवारी युनिफॉर्मचं कॅटलॉग.
सातवीतली दिसशील का?

पाच फूट नऊ, मी लिहिलं.
बाई चालेल का, वर्गावरची?
केस वर बांधून येते.
कान दिसायला हवा.